अंगावर घालायचा यंत्रमानव : नीती, कायदा आणि समाज यांचे प्रश्न



हल्ली विज्ञान प्रदर्शनात एखादा रोबो नसेल तर प्रदर्शन भरल्यासारखंच वाटत नाही. मुलं त्याच्याभोवती गर्दी करतात आणि त्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. किती वजन उचलतो? बॅटरी किती वेळ चालते? किंमत किती? प्रश्न चांगलेच आहेत. पण रोबो माणसाच्या शेजारी उभा न राहता थेट त्याच्या अंगावर चढतो, कमरेला, मांड्यांना, पोटऱ्यांना पट्ट्यांनी बांधला जातो, तेव्हा एवढ्या प्रश्नांनी भागत नाही. तो पडला तर माणूसही पडतो. तो बिघडला तर माणूस अडकतो. त्याने जमवलेली माहिती त्या माणसाच्या शरीराची असते.

म्हणूनच असा रोबो तयार करताना नैतिक, कायदेशीर आणि सामाजिक असे तीन प्रकारचे प्रश्न अभियंत्यांनाही सोडवावे लागतात. आज आपण हाच विषय समजून घेऊ. शेवटी वर्गात घेता येईल असा एक उपक्रमही दिला आहे.

१) अंगावरचा यंत्रमानव म्हणजे नेमके काय?

दहावीच्या विज्ञानात आपण संधिपाद प्राणी शिकवतो. झुरळ, खेकडा, विंचू यांचा सांगाडा शरीराच्या बाहेर असतो. त्याला आपण बाह्यकंकाल म्हणतो. माणसाच्या अंगावर बाहेरून चढवलेल्या यांत्रिक सांगाड्यालाही तेच नाव आहे. इंग्रजीतून आलेला एक्सोस्केलेटन हा शब्द बातम्यांत जास्त दिसतो, अर्थ एकच.

यात मुख्य भाग चार असतात. पहिला, धातूचा किंवा कार्बन फायबरचा सांगाडा. दुसरा, सांध्यांच्या जागी बसवलेल्या मोटारी. तिसरा, शरीर कुठे झुकले आहे, पाय किती वाकला आहे हे मोजणारे संवेदक. चौथा, या सगळ्यांचा मेळ घालणारा छोटा संगणक आणि बॅटरी.

उदाहरणार्थ, रीवॉक नावाचे यंत्र घ्या. कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या व्यक्तीसाठी ते बनवले आहे. व्यक्ती कुबड्यांवर भार देऊन शरीर किंचित पुढे झुकवते, संवेदकाला ते कळते आणि मोटारी एक पाऊल पुढे टाकतात. उभे राहायचे की बसायचे हे मनगटावरच्या घड्याळासारख्या नियंत्रकावरून सांगता येते. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातील योशियुकी सांकाई यांनी विकसित केलेले हाल हे यंत्र वेगळ्या पद्धतीने चालते. मेंदूकडून स्नायूकडे जाणारे अतिशय क्षीण विद्युत संकेत ते त्वचेवरून टिपते आणि त्यावरून त्या माणसाला काय करायचे आहे हे ओळखते.

इथे एक फरक मुलांना जरूर सांगा. कृत्रिम पाय हा नसलेल्या पायाच्या जागी बसतो. बाह्यकंकाल हा असलेल्या पायाच्या बाहेरून बसतो. म्हणजे आत हाड आहे, कातडी आहे, रक्त वाहते आहे. पुढचे बरेचसे प्रश्न यातूनच निघतात.

२) थोडा इतिहास

ही कल्पना काही कालपरवाची नाही. निकोलस यागन या रशियन संशोधकाला १८९० मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळाले. चालणे, धावणे, उडी मारणे सोपे व्हावे म्हणून पायांना स्प्रिंगसारख्या पट्ट्या बांधायच्या, अशी ती रचना होती.

खरा मोठा प्रयत्न झाला १९६० च्या दशकात. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने हार्डिमन नावाचे यंत्र बनवायला घेतले. माणसाने ते अंगावर घालून सुमारे ६८० किलो वजन उचलावे असा बेत होता. गंमत म्हणजे यंत्राचे स्वतःचे वजनही जवळपास तेवढेच भरले. प्रत्यक्षात त्याचा एकच हात नीट काम करू शकला. सगळे यंत्र एकदम चालू केले की ते बेफाम झटके देई. त्यामुळे आत माणूस असताना ते पूर्णपणे कधीच चालवले गेले नाही.

या अपयशात एक मोठा धडा आहे. कारखान्यातल्या रोबोभोवती आपण कुंपण घालतो, पिवळ्या रेषा मारतो, "आत येऊ नका" अशी पाटी लावतो. अंगावरच्या रोबोच्या बाबतीत माणूस कुंपणाच्या आतच आहे! त्यामुळे सुरक्षिततेचा विचार यंत्र तयार झाल्यावर करून चालत नाही. पहिल्या आराखड्यापासूनच तो करावा लागतो.

३) ज्याने बनवले त्यालाच वापरता आले नाही

रीवॉकचे जनक अमित गॉफर हे इस्रायली अभियंते. १९९७ साली एका वाहन अपघातात त्यांच्या मणक्याला इजा झाली आणि त्यांना व्हीलचेअर आली. "इतकी वर्षे झाली, अजून चाकाच्या खुर्चीला पर्याय कसा नाही?" या प्रश्नातून त्यांनी यंत्रावर काम सुरू केले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, हे यंत्र घरी वापरायला परवानगी दिली. अशी परवानगी मिळालेले तिथले ते पहिले बाह्यकंकाल.

आता यातला चटका लावणारा भाग बघा. गॉफर यांचे हातही बाधित झालेले होते. रीवॉक वापरायला कुबड्या धरता याव्या लागतात. त्यामुळे स्वतः बनवलेले यंत्र त्यांना वापरता आले नाही. पुढे त्यांनी हातही न चालणाऱ्या व्यक्तींना उभे राहून फिरता यावे म्हणून निराळे वाहन तयार केले.

परवानगी देताना कोण हे यंत्र वापरू शकेल याची मर्यादाही ठरली होती. उंची साधारण १६० ते १९० सेंटीमीटर, वजन १०० किलोपर्यंत, हात आणि खांदे सशक्त, हाडे पुरेशी मजबूत. शिवाय सोबत एक प्रशिक्षित मदतनीस हवा. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य स्त्रिया पहिल्याच अटीला बाहेर!

कोणी मुद्दाम असे केले का? मुळीच नाही. पण सांगाड्याची नळी किती लांब ठेवायची हा आराखड्यावरचा साधा आकडा असतो आणि त्या आकड्यातच "हे कोणासाठी" याचे उत्तर लपलेले असते. असे आकडे मुलांना शोधायला शिकवले तर विज्ञान आणि नागरिकशास्त्र एकाच तासात शिकवून होईल.

४) नैतिक प्रश्न

अ) इजा होऊ न देणे. आपला गुडघा दाराच्या बिजागरीसारखा नाही. तो वाकताना त्याचा फिरण्याचा अक्ष थोडा सरकत असतो. यंत्राचा सांधा मात्र बहुधा एकाच अक्षावर फिरतो. दोन्ही जुळले नाहीत की पट्ट्याखालची कातडी घासली जाते. तुम्हा-आम्हाला लगेच टोचेल आणि आपण पट्टा सैल करू. पण मणक्याच्या इजेमुळे ज्याची पायांची संवेदनाच गेली आहे त्याला काहीच कळणार नाही. जखम होईपर्यंत पत्ता लागत नाही. त्यातच बरीच वर्षे पायांवर भार न पडल्याने अशा व्यक्तींची हाडे ठिसूळ झालेली असतात. हाड मोडले तरी दुखत नाही, असेही होऊ शकते. म्हणून "त्रास झाला तर सांगा" एवढी सूचना पुरत नाही. दाब मोजणारा संवेदक, वापरानंतर कातडी तपासण्याची सवय, हाडांची आधी तपासणी हे सगळे यंत्राचाच भाग मानावे लागते.

आ) संमती. कागदावर सही घेतली म्हणजे संमती झाली का? यंत्र काय करते, काय करत नाही, पडण्याचा धोका किती, प्रयोग संपल्यावर यंत्र परत द्यावे लागेल का, हे त्या व्यक्तीला तिच्या भाषेत समजले पाहिजे. यातला शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. सहा महिने उभे राहायला मिळाले, मुलांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलता आले आणि मग "प्रयोग संपला, यंत्र द्या" असे झाले तर त्या माणसाचे काय होईल याचा विचार संशोधकाने आधी करायला हवा.

या बाबतीत आपला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ बराच पुढे आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचे तर तिला समजेल अशा माध्यमातून माहिती देऊन मुक्त संमती घ्यावी लागते. शिवाय एका समितीची पूर्वपरवानगी लागते, आणि त्या समितीचे किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संस्थांचे सदस्य असले पाहिजेत, असे कायदा सांगतो.

इ) आशा आणि दिखावा. १२ जून २०१४ रोजी ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये फुटबॉल विश्वचषकाचे उद्घाटन झाले. मिगेल निकोलेलिस या शास्त्रज्ञाच्या गटाने तयार केलेला, मेंदूतील संकेतांवर चालणारा बाह्यकंकाल घालून एका अर्धांगग्रस्त तरुणाने चेंडूला पाय लावला. जगभरच्या प्रक्षेपणात तो प्रसंग जेमतेम काही सेकंद दिसला. त्यामागे अनेक वर्षांची मेहनत होती यात शंका नाही. पण पाहणाऱ्या घराघरांतल्या आई-बाबांना वाटले असेल, चला, आता आपलं मूल उद्याच चालणार!

याच्या उलट सायबाथलॉन ही स्पर्धा बघा. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिक या संस्थेने ती २०१६ मध्ये सुरू केली. बाह्यकंकाल घातलेल्या स्पर्धकांना तिथे करायचे काय असते? सोफ्यावर बसून पुन्हा उठायचे, उतरंडीवरून चालायचे, जिने चढायचे. काही जणांना तेही जमत नाही आणि ते सगळ्यांसमोर दिसते. यंत्राची खरी कुवत सांगणे हासुद्धा नीतीचाच भाग आहे.

५) कायदेशीर प्रश्न

अ) हे वैद्यकीय उपकरण की साधे यंत्र? रुग्णालयात उपचारासाठी वापरले तर ते वैद्यकीय उपकरण. गोदामात पोती उचलायला वापरले तर कामगाराचे साधन. घरात आजोबांना जिना चढायला मदत म्हणून घेतले तर? यंत्र तेच, पण नियम बदलतात. भारतात वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत आणि धोक्यानुसार उपकरणांचे चार वर्ग केलेले आहेत. व्यक्तीची काळजी घेणाऱ्या रोबोंच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ १३४८२ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१४ मध्ये आले. आराखडा करणाऱ्याला आपले यंत्र कुठल्या रांगेत बसते हे आधीच ठरवावे लागते. नाहीतर यंत्र तयार होते आणि परवानगीपाशी अडते.

आ) पडल्यास जबाबदार कोण? समजा एक बाई यंत्र घालून चालताना पडली. संवेदकाने चुकीचे मोजले, की संगणकाच्या आज्ञावलीत दोष होता? फिजिओथेरपिस्टने पट्टे नीट बांधले नव्हते, की त्यांनीच फरशी ओली असताना चालायचे ठरवले? माणूस आणि यंत्र मिळून पाऊल टाकत असतील तर ते पाऊल कोणाचे, हा प्रश्न साधा नाही. आपल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सदोष उत्पादनासाठी उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांच्याही दायित्वाची तरतूद आहे. युरोपियन युनियनने २०२४ च्या आपल्या नव्या निर्देशात संगणकीय आज्ञावलीलाही "उत्पादन" मानले आहे. म्हणजे "दोष यंत्रात नव्हता, सॉफ्टवेअरमध्ये होता" अशी पळवाट तिथे काढता येणार नाही. म्हणूनच विमानातल्या ब्लॅक बॉक्सप्रमाणे यंत्राने शेवटच्या काही क्षणांची नोंद ठेवावी, असा विचार पुढे येतो.

इ) मग ती नोंद कोणाची? इथे दुसरा पेच तयार होतो. यंत्र दिवसभर तुमची चाल, तोल, थकवा, तुम्ही किती वेळ उभे होतात हे सगळे मोजते. सुरक्षिततेसाठी ते हवेच. पण हीच माहिती विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती गेली तर? "तुमची चाल मंदावली आहे" म्हणून हप्ता वाढला किंवा कंत्राट संपले तर? युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण नियमांत आरोग्यविषयक माहितीला विशेष संरक्षण आहे. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ झाला. त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. पालकांनो, ही तरतूद लक्षात ठेवा. मुलाच्या हातातले साधे फिटनेस घड्याळसुद्धा शरीराचीच माहिती गोळा करत असते.

ई) बाहेरून कोणी ताबा घेतला तर? अमेरिकेत २०१७ मध्ये सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या अंतर्गत आज्ञावलीत सुधारणा करावी लागली, कारण त्यांत बाहेरून शिरकाव करता येईल अशा त्रुटी सापडल्या होत्या. पाय हलवणाऱ्या यंत्राच्या बाबतीतही ही काळजी तेवढीच खरी आहे.

उ) दुरुस्तीचा हक्क. हा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा वाटतो. अमेरिकेत २०२४ मध्ये एका माणसाची कहाणी गाजली. अनेक वर्षे तो बाह्यकंकालाच्या मदतीने चालत होता. त्याच्या नियंत्रकाच्या बॅटरीच्या जोडणीत किरकोळ बिघाड झाला. यंत्र पाच वर्षांहून जुने आहे, आता त्याची दुरुस्ती होणार नाही, असे उत्तर त्याला मिळाले. लाख डॉलरच्या आसपास किमतीचे यंत्र एका क्षुल्लक भागासाठी कोपऱ्यात पडून राहिले! वृत्तपत्रांतून गवगवा झाल्यावर ते दुरुस्त झाले. पण ज्याची बातमी होत नाही त्याने काय करायचे?

आपल्या गावात सायकल बिघडली की कोपऱ्यावरचा मिस्त्री पंधरा मिनिटांत ती चालू करून देतो. ज्या यंत्रावर माणसाचे चालणे अवलंबून आहे ते मात्र कंपनीशिवाय कोणाला उघडताही येत नाही, हे कसे चालेल? अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२२ मध्ये मोटारवर चालणाऱ्या व्हीलचेअरसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. सुटे भाग आणि माहितीपुस्तिका मालकाला व स्वतंत्र कारागिरांना मिळाल्याच पाहिजेत, असे तो सांगतो. बाह्यकंकालाच्या आराखड्यातही "दहा वर्षांनी हे कोण दुरुस्त करील?" हा रकाना असायला हवा.

६) सामाजिक प्रश्न

अ) परवडते कोणाला? अमेरिकेच्या सरकारी वृद्ध-आरोग्य योजनेने, म्हणजे मेडिकेअरने, २०२४ मध्ये अशा वैयक्तिक बाह्यकंकालासाठी सुमारे ९१ हजार डॉलर मोबदला ठरवला. रुपयांत ही रक्कम ७० लाखांच्या वर जाते. तिथे सरकारी योजना किंवा विमा पैसे देतो म्हणून काहींना ते मिळते. जिथे तशी व्यवस्था नाही तिथे काय?

इथे आपल्याच देशातले एक उदाहरण आठवते. १९६८ मध्ये जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट तयार केला. तो रोबो नाही, त्यात मोटार नाही. परदेशी कृत्रिम पायाला बूट लागत असे. उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे. आपला माणूस शेतात चिखलात उतरतो, देवळात अनवाणी जातो, जमिनीवर जेवायला बसतो. हे सगळे जमेल असा पाय त्यांनी रबरापासून घडवला आणि तो स्वस्तात बनवता येऊ लागला. वापरणाऱ्याचे आयुष्य कसे आहे हे आधी पाहायचे आणि मग साहित्य निवडायचे, ही ती पद्धत. अंगावरच्या रोबोलाही हीच पद्धत लागू आहे. जमिनीवर बसता न येणारे यंत्र आपल्या घरात कितपत उपयोगी पडेल?

आ) माणूस बदलायचा की पायऱ्या? अमेरिकेतल्या अभ्यासक ॲशली श्यू या स्वतः दिव्यांग आहेत. २०२३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एक विचार मांडला आहे. दिव्यांग व्यक्ती म्हणजे तंत्रज्ञानाने "दुरुस्त" करायची गोष्ट, असे आपण धरून चालतो, आणि ते धरून चालणेच अन्यायाचे आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्या अनेकांना चालण्यापेक्षा जास्त गरज असते ती चढ-उतार नसलेल्या रस्त्याची, रुंद दाराच्या स्वच्छतागृहाची, बसमध्ये चढता येण्याची. चालणे म्हणजेच माणूस असणे नव्हे.

याचा अर्थ बाह्यकंकाल नको असा मुळीच नाही. उभे राहिल्याने रक्ताभिसरण, पचन यांना मदत होते असे वापरणारे सांगतात, आणि उंचीवरून जग बघण्याचा आनंद वेगळाच. स्पेनमधील अभियंत्या एलेना गार्सिया आर्मादा यांनी स्नायूंच्या आजाराने ग्रासलेल्या लहान मुलांसाठी ॲटलास २०३० नावाचे यंत्र तयार केले. मूल वाढते, म्हणून यंत्राची लांबीही बदलता यावी लागते, हा विचार त्यात आहे. २०२२ च्या युरोपियन संशोधक पुरस्कारांत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार त्यांना मिळाला. असे यंत्र हवे की नको हे त्या मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी ठरवावे. पण यंत्र आले म्हणून रॅम्पचे काम थांबू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ शाळेच्या इमारतीत अडथळाविरहित प्रवेश मागतो. तो मुलाचा हक्क आहे, आपली मेहरबानी नाही.

इ) कामगाराची पाठ आणि मालकाचे घड्याळ. फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये सात देशांतील १५ कारखान्यांत कामगारांना हात वर धरून काम करताना आधार देणारी जाकिटे दिली. त्यात मोटार नव्हती, स्प्रिंगची रचना होती. कंपनीच्याच सांगण्यानुसार तिथले काही कामगार दिवसाला सुमारे ४,६०० वेळा हात वर उचलतात. खांदे वाचत असतील तर चांगलेच. पण थकवा कमी झाला म्हणून उद्या त्याच कामगाराकडून जास्त काम मागितले तर? यंत्र न घालणाऱ्याला काम मिळेनासे झाले तर?

आपल्याकडे माथाडी कामगारांसाठी १९६९ चा कायदा आहे, आणि तो पाठीवर ओझी वाहणाऱ्यांनी लढून मिळवला. उद्या वाशीच्या बाजारात अशी यंत्रे आली तर ती पाठ वाचवायला आली आहेत की फेऱ्या वाढवायला, हे विचारण्याचा हक्क त्या पाठीलाच आहे. आणखी एक गोष्ट. कमरेवरचा भार यंत्र कमी करते तेव्हा तो नाहीसा होत नाही, बऱ्याचदा मांड्यांकडे, पायांकडे जातो. त्यामुळे वर्षानुवर्षे वापरल्यावर काय होते याची तपासणी कामगारांच्या संमतीने व्हायला हवी.

७) मग आराखडा करणाऱ्याने काय करावे?

वरच्या सगळ्या चर्चेतून काही साध्या गोष्टी हाती लागतात.

१. वापरणारी माणसे पहिल्या दिवसापासून गटात असावीत. चाचणीपुरती बोलावू नयेत.
२. बुटकी, उंच, बारीक, जाड, स्त्री, पुरुष, मूल अशी वेगवेगळी शरीरे मापात धरावीत.
३. वीज गेली, बॅटरी संपली तर यंत्राने माणसाला हळूच खाली बसवावे. मध्येच सोडून देऊ नये.
४. थांबवण्याची कळ वापरणाऱ्याच्या हाताशी असावी आणि ती सहज दाबता यावी.
५. लागेल तेवढीच माहिती गोळा करावी आणि ती कोण बघतो हे स्पष्ट लिहावे.
६. दुरुस्ती, सुटे भाग आणि कंपनी बंद पडल्यास काय, याची सोय आधीच ठरवावी.
७. यंत्राला काय जमत नाही हे जाहिरातीतही सांगावे.

८) वर्गात कसे घ्याल?

आठवी ते दहावीसाठी हा उपक्रम एका तासिकेत होतो. फळ्यावर एक काल्पनिक प्रसंग लिहा. "शाळेला मोठी देणगी मिळाली आहे. त्यातून एका विद्यार्थिनीसाठी चालवणारे यंत्र घेता येईल, किंवा सगळ्या इमारतीत रॅम्प, उद्वाहक आणि सोयीचे स्वच्छतागृह करता येईल." सहा मुलांना सहा भूमिका द्या : ती विद्यार्थिनी, तिची आई, यंत्राचा अभियंता, फिजिओथेरपिस्ट, मुख्याध्यापक आणि देणगीदार. प्रत्येकाने दोन मिनिटे बोलायचे. विद्यार्थिनीने सगळ्यांत आधी बोलायचे, हा नियम मात्र पक्का ठेवा. तिला शेवटी ठेवले की बाकीचे पाचजण तिच्या वतीने आधीच ठरवून मोकळे होतात. प्रत्यक्ष सभांमध्येही असेच होत असते!

नंतर उरलेल्या वर्गाला हे प्रश्न द्या :

• यंत्र पडले तर कोणाकोणाला उत्तर द्यावे लागेल? का?
• कोणी मुद्दाम ते यंत्र मोडले तर तो मालमत्तेचे नुकसान करतो की त्या व्यक्तीला दुखापत करतो?
• यंत्राने मोजलेली माहिती शाळेला मिळावी का?
• हे यंत्र आपल्या घरात, आपल्या गावात चालेल का? काय बदलावे लागेल?

दुसऱ्या प्रश्नावर मुलांची जोरदार जुंपते, असे होऊ द्या. कायद्याच्या अभ्यासकांमध्येही यावर वाद आहे. शरीर कुठे संपते आणि वस्तू कुठे सुरू होते याचे एकच उत्तर नाही.

एक काळजी मात्र घ्या. तुमच्या वर्गात एखादे दिव्यांग मूल असेल तर त्याला उदाहरण म्हणून उभे करू नका. त्याला बोलायचे असेल तर ते बोलेल. त्याच्या आधी त्याच्याशी आणि पालकांशी निवांत बोलून घेतलेले बरे.

पालकांसाठीही एक सूचना. मूल रोबोटिक्सच्या क्लासला जात असेल तर घरी आल्यावर "आज काय बनवलंस?" असे आपण विचारतोच. त्याला आणखी एक प्रश्न जोडा : "हे कोणासाठी बनवलंस, आणि त्यांना विचारलंस का?" सुरुवातीला मूल गोंधळेल. दोन-चार वेळा विचारल्यावर ते स्वतःहून आजीला विचारू लागेल, शेजारच्या काकांना विचारू लागेल. उद्या याच मुलांपैकी कोणी यंत्र बनवणारे होईल, कोणी त्याला परवानगी देणारे, आणि आपल्यापैकी बरेचजण म्हातारपणी ते अंगावर घालणारे. तेव्हा ही सवय आत्ताच लागलेली बरी.

उपक्रम वर्गात घेतलात तर मुलांनी दिलेली उत्तरे वहीत जरूर टिपून ठेवा. मुलं कधीकधी आपल्याला न सुचलेला मुद्दा सहज काढून जातात.